सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका

ताई, शाळेत समुपदेशक व्हायला कोणता कोर्स करू, असं विचारलंत. तुमचं बी.कॉम., बी.एड. झालंय आणि वर कुणी समुपदेशनाचं सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट सुचवलंय. हौस म्हणून करा, नोकरीचा भरवसा त्यावर नको. सीबीएसईच्या 2018च्या नियमावलीत शालेय समुपदेशकासाठी मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा अशा अटी होत्या. अर्जाआधी ताजं परिपत्रक बघाच. नोकरी सांभाळून करायचं तर एनसीईआरटीचा समुपदेशनाचा डिप्लोमा बघा, तो मुख्यतः शिक्षकांसाठी आहे. पूर्ण वेळ देता येत असेल, तर मुंबईत देवनारच्या टिसमधलं (टाटा समाजविज्ञान संस्था) उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. केव्हाही उजवं, पण प्रवेशाची चुरस भयंकर.

कोर्स निवडताना फीपेक्षा आधी विचारा: प्रत्यक्ष मुलांसोबत काम किती, आणि त्यावर देखरेख कोणाची? कारण शाळेत 'हा फार मस्ती करतो, जरा बघा' म्हणत वर्गशिक्षिका पोराला दारात सोडून जातात, मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं असतात आणि पोरगं तोंड उघडत नाही. हे नोट्स वाचून जमत नाही हो.

आणखी एक. 'कुणाला सांगणार नाही' असं मुलाला सरसकट वचन देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला, तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, मुख्याध्यापक काहीही म्हणोत.