हवेतले धातू आणि सेंद्रिय द्रव्ये समुद्रात किती उतरतात, हे मोजतात कसे?

होटगीरोडकर: मी सोलापुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. आमच्या विभागाच्या गच्चीवर हाय व्हॉल्यूम सॅम्पलर (फिल्टरमधून भरपूर हवा ओढून तिच्यातले कण गोळा करणारे यंत्र) आहे आणि त्याच्या फिल्टरवरून एक घनमीटर हवेत किती शिसे व लोह आहे, हे काढता येते. परंतु हवेत किती आहे आणि त्यातले समुद्राला किती मिळते, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. दुसरा प्रश्न भर समुद्रात कसा सोडवतात?

खारावारा: वेगळेच आहेत. कोरड्या निक्षेपाचे, म्हणजे पावसाविना खाली बसणाऱ्या द्रव्याचे, सूत्र सोपे आहे: हवेतील संहती (एक घनमीटर हवेतले प्रमाण) गुणिले निक्षेपणाचा वेग. अडचण त्या वेगाची आहे, कारण तो कणांच्या आकारावर आणि वाऱ्यावर अवलंबून असतो. त्यात दोन-तीन पटींची अनिश्चितता धरूनच चालावे लागते. म्हणून बेरिलियम-७ या किरणोत्सारी समस्थानिकाचा आधार घेतात. वैश्विक किरणांमुळे ते वातावरणात तयार होते, मुख्यतः पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि सुमारे ५३ दिवसांत निम्मे होते. पाण्याच्या वरच्या थरांतील त्याचा एकूण साठा मोजला की तो टिकून राहण्यासाठी रोज किती भर पडत असली पाहिजे, हे कळते; त्या भरीला हवेतील संहतीने भागले की कोरड्या व ओल्या निक्षेपाचा एकत्रित वेग मिळतो. मात्र बेरिलियम बारीक कणांवर बसते, त्यामुळे हा वेग जाड धुळीतल्या लोहाला सरसकट लावणे मला पटत नाही.

शिवाय जहाजाचे स्वतःचे धुरांडे असतेच. वारा नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, येत असेल तेवढाच वेळ पंप चालू राहील, अशी व्यवस्था करावी लागते.

होटगीरोडकर: आभारी आहे, सर. सेंद्रिय द्रव्यांसाठी तोच फिल्टर चालतो का?

रसायनवाली: नाही. धातूंसाठी आम्लाने धुतलेला व्हॉटमन ४१ हा फिल्टर कागद वापरतात, पण तो सेल्युलोजचा, म्हणजे स्वतःच सेंद्रिय आहे. सेंद्रिय द्रव्यांसाठी क्वार्ट्झचा फिल्टर भट्टीत ४५० अंशांच्या वर भाजून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात. धातूवाले तीच फॉइल जवळपासही येऊ देत नाहीत! वायुरूपातील द्रव्ये फिल्टरमधून निसटतात, म्हणून मागे पॉलियुरेथेन फोम बसवतात. ही द्रव्ये पाण्यातून हवेत परतही जातात. तेव्हा पृष्ठभागाच्या पाण्याचा नमुना त्याच वेळी घेतल्याशिवाय देवाणघेवाणीची दिशासुद्धा ठरवता येत नाही.

तुमच्या गच्चीवर काचतंतूचा फिल्टर असेल, तर जस्त आणि बेरियमचे आकडे लिहिण्यापूर्वी कोरा फिल्टर तपासून घ्या. काचेतच ते बरेच असतात.