युकिहोने बहिणीसाठी भविष्य गहाण टाकलं म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट
काल 'लव्ह लाइव्ह'च्या (शाळा बंद पडू नये म्हणून मुली गाण्या-नाचाचा ग्रुप काढतात, ती जपानी ॲनिमे मालिका) धाग्यावर कडूकारले यांनी लिहिलं, की नायिका होनोकाची धाकटी बहीण युकिहो म्हणजे ताईच्या हट्टापायी चांगल्या शाळेवर पाणी सोडणारी मुलगी, आणि मालिका या त्यागाचं कौतुक करते. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

२०१३ चा पहिला एपिसोड आठवा. ओतोनोकिझाका ही आपली शाळा बंद पडणार म्हणून होनोका सुन्न होऊन घरी येते, आणि घरात युकिहोकडे यूटीएक्स या दुसऱ्या शाळेचं माहितीपत्रक! ओतोनोकिझाकात तिसऱ्या वर्षाला तीन वर्ग, दुसऱ्याला दोन, पहिल्याला एक; त्या शाळेचं काय होणार हे धाकटीने केव्हाच ओळखलंय आणि ती ते ताईच्या तोंडावर सांगते. आई त्याच शाळेतली, आजीही तिथलीच, तरी ही पोरगी भावनेला बळी पडत नाही. घरच्या मिठाईच्या दुकानात व्यवहाराचं बोलणारी पहिली तीच.

मग सातव्या एपिसोडमध्ये विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष एरी ओपन कॅम्पसचं, म्हणजे नव्या मुलींना शाळा दाखवायच्या दिवसाचं, भाषण वाचून दाखवते, समोर तिची धाकटी बहीण आरिसा आणि युकिहो. आकडे, परंपरा, इतिहास सगळं भाषणात आहे, आणि युकिहोला झोप लागते! दचकून जागी होते तेव्हा तोंडातून वजन वाढल्याचं काहीतरी निघतं. सगळे हा विनोद म्हणून सोडून देतात. माझ्या मते एरीला त्या दिवशी मिळालेला सगळ्यात खरा अभिप्राय तोच. ही शाळा कोणासाठी वाचवायची? याच वयाच्या मुलींसाठी. आणि त्यातली एक समोर पेंगतेय. त्यानंतर आरिसा एरीला विचारते, तुला खरंच हेच करायचंय का? दोघी धाकट्यांनी मिळून एरीला जागं केलं.

अशी मुलगी कोणाच्या हट्टाने शाळा बदलेल? तिला ती शाळा आवडायला लागली, एवढं साधं आहे ते.

कडूकारले
आवडायला लागली हे तुम्ही म्हणताय, मालिकेत कुठे दिसतं? यूटीएक्सचं माहितीपत्रक हातात असलेली मुलगी आणि ओतोनोकिझाकाची परीक्षा पास झालेली मुलगी, या दोन टोकांच्या मधे तिचा स्वतःचा एक तरी सीन आहे का? तिच्या वाट्याला ताईला हाक मारणं, ताईची काळजी करणं आणि वजनकाट्याचे विनोद. होनोकाला आईच्या जुन्या अल्बमपाशी थांबून विचार करायला वेळ मिळतो. धाकटीचा निर्णय मात्र पडद्यामागे.

आणि हे मी बाहेरून बोलत नाहीये. दहावीनंतर मला दुसऱ्या कॉलेजला जायचं होतं, त्यांची लॅब बघून आलो होतो. घरी ठरलं, ताई जिथे आहे तिथेच जा. डबा एकत्र होईल, बसचा पास एकाच मार्गाचा, पुस्तकंही तिचीच. ताई चांगलीच होती, नोट्स द्यायची, मला सगळीकडे सांभाळून न्यायची. पण दोन वर्षं मी "अमुकचा भाऊ" होतो. सरांना माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा धाकटं भावंड आनंदाने मोठ्याच्या शाळेत जातं असं कोणी दाखवलं, की मला विचारावंसं वाटतं, त्याला विचारलं होतं का?

सेंटरस्टेज
कडूकारले, तुमच्याशी जे झालं ते वाईटच. पण ते युकिहोच्या माथी मारू नका. तिला घरचं कोणी जा म्हणत नाही, आईसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या सीझनचा अकरावा एपिसोड विसरलात का? आरिसाला होनोकाच्या म्यूझ या ग्रुपमध्येच यायचंय. युकिहो होनोकाकडे जाऊन काय सांगते? एरी, नोझोमी, निको या शाळा संपवून जाणाऱ्या तिघी नसतील तर ते तिच्या आवडीचं म्यूझच नाही. आम्ही आमचं वेगळं करू. समोर आयती जागा होती! ताईचा ग्रुप, तयार चाहते, तयार नाव. तिने ते घेतलं नाही. "अमुकची बहीण" व्हायला नकार देणारी पहिली तीच आहे हो.

पाटीपेन्सिल
मी ही मालिका भाचीबरोबर बसून पूर्ण पाहिली, त्यामुळे बोलते. तुम्ही सगळे बहिणींवरून भांडताय आणि मूळ दुखणं बाजूलाच राहिलं. शाळा बंद का पडतेय? पट नाही म्हणून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आमचा पट आता वीसच्या खाली गेलाय. २०२३ मध्ये अशा शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेतचं उदाहरण सगळीकडे दाखवलं गेलं. कागदावर छान दिसतं, एक मोठी शाळा, बस, सगळ्या सोयी. पण पहिलीतलं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून बसपर्यंत कसं येणार? पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा नियम उगीच नाही केलेला.

नऊ मुली छतावर नाचल्या आणि शाळा वाचली, हे बघून माझी भाची टाळ्या वाजवत होती. माझ्या घशात आवंढा आला. आम्ही गॅदरिंग केलं, घरोघरी गेलो, मुलांना घेऊन प्रभातफेरी काढली. तीन नावं वाढली, त्यातलं एक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं.

सावंतवाडीकर
मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. गावातल्या शिक्षकांची स्वतःची मुलं कुठे शिकतात? आमच्याकडे मराठी शाळेसमोरून इंग्रजी माध्यमाची पिवळी बस जाते आणि त्यात गुरुजींचीच मुलं असतात. मग पट कसा राहील?

पाटीपेन्सिल
माझी मुलगी माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. माझ्याच वर्गात बसली, तिला मी घरीही बाई आणि शाळेतही बाई. सगळ्या शिक्षकांना एका दावणीला बांधायची ही सवय सोडा. मतदार याद्या करायला आम्ही, जनगणनेला आम्ही, पोषण आहाराचे तांदूळ मोजायला आम्ही, आणि पट घसरला की दोषीही आम्हीच!

सावंतवाडीकर
तुम्ही अपवाद आहात, मान्य. पण अपवादाने शाळा भरत नाही.

सेंटरस्टेज
अहो, धागा युकिहोचा आहे! शिक्षण खात्यासाठी वेगळा काढा ना.

पण विषय निघालाच आहे तर पाटीपेन्सिल यांनी 'सनशाइन' ही 'लव्ह लाइव्ह'चीच पुढची मालिका नक्की बघावी. नुमाझूजवळ उचिउरा म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, तिथली उरानोहोशी शाळा. शंभर अर्ज आले तर शाळा राहणार, अशी अट. मुली जीव तोडून गातात आणि आकडा ९८ वर अडकतो. शाळा बंद होते, मुली नुमाझूच्या शाळेत जातात. तिथे गाणं म्हणून काही वाचलं नाही. त्याच लोकांनी ही दुसरी बाजूही दाखवलीय, हे धरायला हवं.

पाटीपेन्सिल
९८ चं माहीत नव्हतं. दोनासाठी शाळा जाते हे लिहिणाऱ्याला कळलंय, म्हणजे त्याने कुठेतरी हे जवळून पाहिलंय.

रानवाट
मला धागा मूळ विषयावर आणायचा होता, पण पाटीपेन्सिल यांनी जे लिहिलं त्यातच माझं उत्तर आहे. युकिहो म्हणजेच पट! यूटीएक्सची इमारत म्हणजे टोकियोच्या अकिहाबारातला काचेचा महाल, आत जायला स्टेशनसारखी फाटकं, मोठ्या पडद्यावर त्यांचा गाजलेला ग्रुप ए-राइझ. अशा शाळेला एक अर्ज कमी आला तर कळणारही नाही. ओतोनोकिझाकाला मात्र एकेक अर्ज मोजावा लागतो. होनोका कितीही नाचली तरी शाळा तिच्याने चालू राहत नाही, ती तर आधीच आत आहे. शाळा चालू राहते पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीने, म्हणजे घरातल्या धाकटीने. म्हणून पहिल्या एपिसोडमध्ये माहितीपत्रक नेमकं तिच्याकडेच आहे. होनोकाला रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं मन वळवायचं नाहीये, रोज एका टेबलावर जेवणाऱ्या बहिणीचं वळवायचंय. आणि ते तिने विनवण्या करून वळवलं नाही. युकिहोने वर्षभर तिला घामाघूम होऊन घरी येताना पाहिलं, पडताना पाहिलं, सगळं सोडायला निघतानाही पाहिलं.

कडूकारले, तुम्हाला हवा तो वेगळा सीन नाही, हे खरं. पण तिच्या निर्णयामागचं सगळं साहित्य घरातच पडलेलं होतं.

कडूकारले
पट म्हणून युकिहो हे चांगलं मांडलंत. अकरावा एपिसोडही देतो तुम्हाला, तिथे ती ताठ उभी राहते. पण यानेच माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. शाळेला ती एक अर्ज म्हणून हवीय. ताईला ती शाळा वाचवायला हवीय. मालिकेला ती शेवटी पुढच्या पिढीला म्यूझची गोष्ट सांगायला हवीय. २०१५ च्या चित्रपटाच्या शेवटी ती आणि आरिसा नव्या मुलींना तेच सांगताना दिसतात. म्हणजे इतकी वर्षं शाळेत काढून तिच्या तोंडी आपल्या ग्रुपची गोष्ट नाही, ताईच्याच ग्रुपची. तिच्या ग्रुपचं एक गाणं तरी आपण ऐकलं का?

सेंटरस्टेज
या प्रश्नावर मी गप्प. त्या दोघींचं गाणं मलाही हवं होतं.

रानवाट
हवं होतंच, नाही कोण म्हणतंय! पण गाणं नाही म्हणून त्याग केला, असं नाही होत. शेवटच्या सीनमध्ये ती कोणाच्या मागे उभी नाहीये. क्लबची सीनिअर म्हणून पुढे उभी आहे, नव्या मुली तिच्याकडे बघतायत, आणि होनोका तिथे नाही.

पाटीपेन्सिल
नव्या मुली आल्या ना? मग शाळा चालू आहे. मला तेवढं पुरतं. आमच्याकडे जूनमध्ये पहिलीला किती येतात ते बघायचंय. सावंतवाडीकर, तुमच्या ओळखीत कोणाची धाकटी असेल तर पाठवा, तिला पुस्तकं आणि दप्तर मी देते.

सावंतवाडीकर
माझीच पुतणी आहे सहा वर्षांची, पण आमचा तालुका वेगळा. वहिनीशी बोलतो इथल्या शाळेबद्दल. ती ऐकेल असं मात्र सांगत नाही.