वडिलांची फियाट सरस की भावाची आलिशान गाडी?

दादरकर:
वडिलांची १९६८ सालची व्हिंटेज फियाट ११०० अजून आमच्याकडे आहे आणि महिन्यातून दोनदा मी ती शिवाजी पार्कपर्यंत फिरवून आणतो. धाकट्या भावाने नुकतीच एक जर्मन आलिशान गाडी घेतली, म्हणून गेल्या रविवारी दोन्ही लागोपाठ चालवून पाहिल्या. थंड इंजिन सुरू करताना फियाटचा चोक ओढावा लागतो आणि स्टिअरिंगखालच्या दांडीने गिअर चाचपत टाकावा लागतो. भावाच्या गाडीचे इंजिन सुरू झाले हेसुद्धा कळत नाही. आरामात तुलना नाहीच. तरीही जाड पत्रा आणि रस्त्यावर उरकणारी दुरुस्ती पाहता बांधणीत फियाटच सरस, असे माझे मत आहे. ते कितपत बरोबर आहे?

पार्लेकर:
दुरुस्तीबद्दल सहमत आहे, पत्र्याबद्दल मात्र अजिबात नाही. टक्कर झाली की जाड, ताठ पत्रा फारसा चुरगळत नाही, त्यामुळे धक्का थेट आतल्या माणसांपर्यंत पोहोचतो. पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यावा आणि मधली जागा मजबूत ठेवावी, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची असून ती मर्सिडीजने १९५९ साली विक्रीच्या गाडीत आणली. आपल्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, एअरबॅग नाहीत, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. माझ्याकडेही अशीच गाडी होती आणि भर पावसात पेडर रोडच्या उतारावर ब्रेक दाबताना मी काय अनुभवले, ते घरी अजून सांगितलेले नाही.

कुर्लेकर:
ही गाडी आमच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे, म्हणून थोडा पक्षपात गृहीत धरावा. पाण्यातून जाताना फियाट बंद पडली, तर बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपणात ओल शिरलेली असते. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले, त्यातल्या पॉइंटवरून (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवरून) पॉलिश पेपर फिरवला की काम होते. आलिशान गाडी दादरच्या हिंदमाता भागात पावसात तुंबणाऱ्या पाण्यात बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. शिवाय विम्यात इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर तो खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो.

गिरगावकर:
एक दुरुस्ती. शौकिनांच्या काटेकोर भाषेत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. मात्र केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपण महिन्यातून दोनदा सहज फिरवता, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी हे नीट पाहावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या इंधन पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) खराब होतो, तेही तपासून घ्यावे.

दादरकर:
पत्र्याबद्दलचे मत मागे घेतो. नळ्या या आठवड्यात बदलतो, आणि पाऊस असेल तेव्हा भावाच्याच गाडीने जाईन. फक्त ती आमच्या गॅरेजच्या दारातून आत जात नाही, हे मूळ प्रश्नात लिहायचे राहून गेले होते.