प्रकाशन कंपनीचा करंट रेशो एकच्या खाली आहे, घाबरावं का?

नमस्कार मंडळी,

शेअर बाजारात असलेल्या तीन-चार प्रकाशन कंपन्यांचे ताळेबंद गेले पंधरा दिवस घेऊन बसलोय आणि एका जागी अडकलोय.

जॉन वायली अँड सन्स या अमेरिकी शैक्षणिक प्रकाशन कंपनीचं आर्थिक वर्ष ३० एप्रिलला संपतं. त्यांची चालू देणी (वर्षभरात फेडायची) चालू मालमत्तेपेक्षा (रोकड आणि वर्षभरात रोकड होणारं) जास्त दिसतात, म्हणजे करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) एकच्या खाली. नेहमीचा नियम लावला तर कंपनी अडचणीत. पण त्या देण्यांत मोठा आकडा नियतकालिकांच्या आगाऊ वर्गणीचा आहे. ग्रंथालयं, विद्यापीठं पैसे आधी भरतात, अंक वर्षभर जातात. म्हणजे हे देणं अंकांनी फिटतं, पैशाने नाही.

समजा चालू मालमत्ता ८०, देणी १००, त्यात वर्गणी ४५. रेशो ०.८. वर्गणी वगळली की ८० भागिले ५५, म्हणजे साधारण १.४५. कोणता धरू?

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या स्कोलॅस्टिकचं वर्ष ३१ मेला संपतं आणि पुढच्याच तिमाहीत, शाळा बंद असताना, तोटा होतो. मग मेअखेरची रोकड बघून काय कळणार?

मागे एका पाठ्यपुस्तकांच्या कंपनीची भरगच्च रोख शिल्लक बघून वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून शेअर घेतले. ती शिल्लक हंगाम नुकताच संपल्यावरची होती. पुढच्या सहा महिन्यांत कागद-छपाईत ती उडाली, लाभांशही थांबला. ते पैसे माझ्या शब्दावर गेले, म्हणून जीव लावून विचारतोय.

प्रतिसाद १

वर्गणी सगळी वगळू नका. अंक काढायला संपादन, पगार, सर्व्हर लागतातच, तेवढा खर्च देण्यांत ठेवा. आणि वर्गणीचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून बघा. नूतनीकरण घटलं की रोकड आधी आटते, नफ्यात ते नंतर उतरतं.

पुस्तकवाल्या कंपनीत मी येण्यांवर (विक्रेत्यांकडून यायच्या पैशांवर) जास्त वेळ घालवतो. विक्रेते न खपलेली पुस्तकं परत पाठवतात, त्यामुळे येणी म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत. २०११ मध्ये बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तक दुकानांची साखळी दिवाळखोरीत गेली तेव्हा प्रकाशकांची येणी अडकली होती. लेखकांना दिलेली आगाऊ रॉयल्टीही मालमत्तेत दिसते, पण तिच्यातून छापखान्याचं बिल भागत नाही.

रोकड चारही तिमाह्यांची लिहून काढा आणि सगळ्यात खालचा आकडा धरा. बँकेची न वापरलेली कर्जमर्यादा त्यात मिळवा, पण तिची मुदत बघून. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सची एक कर्जमर्यादा संपत आली होती. तेव्हा त्यांनी मेक्सिकोचे अब्जाधीश कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलर १४ टक्के व्याजाने घेतले, शिवाय मुख्यालयातला आपला भाग विकून तोच भाड्याने घेतला.

धागाकर्ता

मनापासून आभार. तिमाह्यांचा तक्ता आजच करतो. कर्जमर्यादेची मुदत अहवालात कुठे सापडेल?

प्रतिसाद १

ताळेबंदामागच्या टिपांत, कर्जांच्या टिपेत. कर्जाच्या अटीही तिथेच असतात, त्या मोडल्या तर बँक मर्यादा गोठवू शकते. त्याही वाचा.