अनुभव: ऑपरेशनला पैसे कमी पडले तेव्हा कोण धावून आलं?

मंगळवारपेठकर
काल दसरा चौकात चहाला थांबलो तर गाड्याच्या मागं फ्लेक्स. लहान पोरगं, नाकात नळी, खाली क्यूआर कोड. जमेल तेवढं पाठवलं आणि गल्लीतल्या मावशींच्या व्हॉल्व्हचं आठवलं. तवा क्यूआर कुठला! तालमीच्या पोरांनी त्या साली डॉल्बी रद्द केला आणि वर्गणीदारांना विचारायला घरोघर फिरलो. एकजण म्हणाला, डॉल्बी न्हाय तर वर्गणी परत द्या. त्याच्याच आईनं संध्याकाळी येऊन डबल दिली. सगळं वहीत लिहिलेलं, दहा रुपयेवाल्याचं पण नाव. मावशी बऱ्या झाल्यावर ती वही मागून घेऊन गेल्या. त्यातल्या कुणाच्या घरी लग्न असलं की अक्षता निवडायला मावशी सगळ्यात आधी हजर.
तुमच्याकडं काय काय झालंय, लिहा.

गडहिंग्लजची लेक
भाकरी तव्यावर आहे, थोडक्यात लिहिते. भाच्याच्या हृदयाला भोक होतं. पोराचा फोटो गावभर फिरवायला वहिनी तयारच नव्हती, त्यावरून घरात भांडणं. शेवटी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातनं ऑपरेशन फुकट झालं. आधी ते बघा, मग क्यूआर.

नादखुळा भावा
भाकरी करपली का ताई?

गडहिंग्लजची लेक
करपली. तुम्हाला पाठवते.

फौंड्रीवाला
जोडीदाराच्या मणक्याचं ऑपरेशन. ऑनलाइन पैसे गोळा करायच्या साइटवर टाकायचं तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर इस्टिमेट, सही, शिक्का. आणि शिक्का मारणारा माणूस रजेवर! देणारी माणसं तयार, कागद अडलेला. मग सुरुवातीला धो धो पैसे आले आणि एकदम बंद. यादी उघडून बघितली तर सगळी आमचीच नावं, शाळेतली, कंपनीतली, त्याच्या बायकोच्या माहेरची. जगभरातनं पैसे येतात म्हणतात, आमचं जग शिरोली ते कागल. ओळख संपली तिथं पैसा संपला.

एस. पाटील, शाहूपुरी
काही साइटवर पैसे भरताना टिप म्हणून आपोआप टक्के धरलेले असतात, तेवढं बघून शून्य करा. मी घाईत भरायला लागलो होतो, पोरीनं दाखवलं.

उगाच बसलोय
आमच्या दोस्तासाठी शाहू स्टेडियमवर मॅच लावायची ठरली होती. दोन पेठांची पोरं एका टीममध्ये खेळंनात. शेवटी मॅच न होताच दोन्हीकडनं पैसे जमले, एकमेकांपेक्षा जास्त दाखवायच्या नादात.

मंगळवारपेठकर
हे लई कोल्हापुरी झालं लगा.

पांढरा कोट नाही
हॉस्पिटलमध्येच कामाला आहे, कुठल्या ते विचारू नका. रोज बघते, लोक आधी दागिने मोडतात, मग फ्लेक्स लावतात आणि डिस्चार्जच्या दिवशी विचारतात, सरकारी योजनेत बसलं असतं का? दाखल होतानाच विचारा. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडं रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली तीच आता महात्मा फुले योजना. फुकट उपचाराची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती ती पाच लाख झालीय, लोक अजून दीडच धरून बसलेत. हेल्पलाइन १५५३८८. शिवाय धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो आयत्या वेळी मिळत नाही.

राजारामपुरी ७वी गल्ली
रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायला किती हेलपाटे घालायचे? सर्व्हर डाऊन म्हणतात. विषय नाही हा, पण राग आलाय.

गडहिंग्लजची लेक
आमच्याकडं पण तेच. मे महिन्यात दिलेला अर्ज.

भोगावतीकाठ
आमच्या बाबांसाठी दूध संस्थेतल्या लोकांनी बिलातनं कापून दिले. पैसे जमले, बाबा राहिले नाहीत. उरलेले परत करायला गेलो तर कुणी हात पुढं करंना. एक आजोबा तर रागावले, "दिल्याली वस्तू माघारी आणतोस व्हय?" मग बाबांच्या शेजारच्या खाटेवर होते त्यांच्या मुलाला नेऊन दिले. त्यानं मोजले पण नाहीत. अजून पाडव्याला त्याचा फोन येतो.

फौंड्रीवाला
काय बोलायचं दादा. बाबांना नमस्कार.

एस. पाटील, शाहूपुरी
आमचे मामा गुडघ्यासाठी पैसे साठवतायत. कार्ड पांढरं आहे, त्यांना काही नाही ना?

पांढरा कोट नाही
पांढऱ्या कार्डालाही आता योजना लागू आहे. गुडघ्याचं कुठल्या हॉस्पिटलात होतं ते आरोग्यमित्राला विचारा.

एस. पाटील, शाहूपुरी
सांगतो. ऐकतील तर. गुडघा धरून बसतात आणि चैत्राला जोतिबा चालत चढायचा म्हणतात.

नादखुळा भावा
चढू द्या की. उतरताना स्वतःच आरोग्यमित्र शोधतील.