काकाच्या कॅसेटवरची 'रशियाचा बुवा', 'शिट्टी' आणि 'लाह्या' ही गाणी कुठली? ओळखायला मदत हवीये

रातराणी_मिरज

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवीये. पुढच्या महिन्यात आमच्या धाकट्या काकाची साठी आहे, साठीशांतीचं सगळं काकू बघतेय पण आम्हा पोरांना त्याला वेगळं काहीतरी द्यायचंय. परवा माळा आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याची एक कॅसेट सापडली. काका ८४ ते ८८ सांगलीला वालचंद कॉलेजला होता, नंतर नोकरीला पिंपरीत, आणि ही कॅसेट दोन्हीकडे त्याच्यासोबत होती हे नक्की कारण पिंपरीच्या त्याच्या खोलीतल्या फोटोत ती टेपरेकॉर्डरवर दिसते.

अडचण अशी की घरात आता टेपरेकॉर्डर नाहीये, आणि कॅसेट पण अडकलीये, पेन्सिल घालून फिरवली तर दोन वेढे फिरते आणि थांबते. काकाला विचारता येत नाही, सरप्राईज आहे. हातात फक्त आतला कागद आहे आणि त्यावर त्यानं गाण्यांची नावं स्वतःच्या पद्धतीनं लिहिलीयेत, गायकाचं नाव एकाचंही नाही. जशीच्या तशी देते:

बाजू अ (निळी शाई)
रशियाचा बुवा
भाऊ लुई
तुतारी
बिस्मिल्ला
६९चा उन्हाळा
हॉटेल (शेवट कापला!!)

बाजू ब (काळं बॉलपेन)
शिट्टी
घंटा – आई देवळात गेल्यावरच
लंबाडा
शेजारीण
हरि ओम ओरिजिनल
लाह्या

हॉटेल म्हणजे हॉटेल कॅलिफोर्निया आणि ६९चा उन्हाळा म्हणजे ब्रायन अ‍ॅडम्स एवढं मला कळलं. बाकीची सांगा ना कुणीतरी. कॅसेट वाजलीच नाही तर निदान तीच गाणी त्याच क्रमानं पेनड्राईव्हवर तरी भरून देऊ.

---

टेपवाला६०

ताई, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा, साठी झाल्यावर सांगा.

आधी कॅसेटचं बोलतो, गाणी पळून जात नाहीत. ती पेन्सिलनं जोर लावून फिरवू नका, तुटेल. इतकी वर्षं पडून राहिली की फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात नाहीतर आतली चकती घासते. कॅसेट तळहातावर सपाट धरून दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा हलकेच आपटा, बऱ्याचदा एवढ्यानं सुटते. कोपऱ्यांत बारीक स्क्रू असतील तर नशीब चांगलं, उघडायची आणि दोन्ही रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात ठेवायची. फीत जिथं टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला टेकते तिथं मागं एक छोटा फेल्टचा तुकडा असतो तो पडलाय का बघा, तो नसेल तर आवाज चादरीखालून आल्यासारखा येतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कुठल्याही चांगल्या मशीनमध्ये घालू नका, आधी मला फोटो पाठवा.

आता गाणी. तुतारी म्हणजे शंभर टक्के युरोप या स्वीडिश बँडचं द फायनल काउंटडाउन, १९८६. सुरुवातीला कीबोर्डवर जे वाजतं त्याला तुतारीशिवाय दुसरं नावच नाही. आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीनं ते एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत वाजवलं होतं आणि म्हातारी माणसं सुद्धा शिवाजी महाराजांचं काहीतरी चाललंय असं समजून पुढं आली होती. शोभलं होतं हो खरंच.

शिट्टी म्हणजे स्कॉर्पियन्सचं विंड ऑफ चेंज. जर्मन बँड. हे गाणं त्यांच्या १९९०च्या अल्बममधलं आहे, म्हणजे बघा, बाजू ब काकांनी नोकरीला लागल्यावर भरून घेतली, शाई बदलली ती म्हणूनच. हॉस्टेलच्या पैशात एकच बाजू बसली असणार.

आणि "शेवट कापला!!" वाचून माझ्या पोटात कालवलं. मी हिशोब केला, अ बाजूची सहा गाणी मिळून तीस-एकतीस मिनिटं होतात, साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. म्हणजे फीत संपली ती नेमकी शेवटी दोन गिटार एकमेकांशी बोलायला लागतात तिथं. त्या दोन मिनिटांसाठी तर माणूस आख्खं गाणं ऐकतो. भरून देणाऱ्यानं आधी बेरीज करायला पाहिजे होती. आम्ही दुकानात कागदावर मिनिटं लिहून, बेरीज करून मगच कॅसेट द्यायचो.

---

लोकलची_खिडकी

रशियाचा बुवा!!! काय नाव दिलंय, एक नंबर. बोनी एमचं रास्पुटिन, १९७८. खरंच तो बुवाच होता की, झारच्या राजवाड्यात शिरलेला. आणि गंमत ऐका, त्याच वर्षी डिसेंबरात बोनी एमला मॉस्कोत कार्यक्रमाला बोलावलं होतं, पण हे गाणं तिथं म्हणू दिलं नाही. त्यांच्यातला तो नाचणारा बॉबी फॅरेल, ज्याचे केस आणि उड्या बघून आमच्या कॉलनीतल्या दोघांनी केस वाढवले होते, त्याचा रेकॉर्डवर आवाजच नव्हता, पुरुषाचा आवाज सगळा त्यांच्या निर्मात्याचा, फ्रँक फॅरियनचा. हे कळलं तेव्हा त्या दोघांपैकी एक जण म्हणाला मग काय झालं, आवाज काय कुणीपण देईल, नाच बघ. मला ते पटलं, आजही पटतं. फॅरेल वारला तो २०१० साली ३० डिसेंबरला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. रास्पुटिनला मारलं ते १९१६ साली, तेच शहर, तीच तारीख. अंगावर काटा येतो.

भाऊ लुई = ब्रदर लुई, मॉडर्न टॉकिंग, १९८६. त्यातला तो लांब केसांचा थॉमस अँडर्स गळ्यात NORA ऐवजी काय घालणार, तेव्हाच्या बायकोचं नाव नोरा, तेच चार अक्षरांत सोनेरी लोंबायचं. आमच्या चाळीत एकानं त्याच्यासारखीच चेन करून घ्यायची म्हणून सोनाराकडं गेला, सोनार म्हणाला नाव सांग, ह्याचं लग्न ठरलेलं नाही, मग त्यानं आईचं नाव घातलं, सुमन. कॉलेजात तीन वर्षं सगळ्यांनी त्याला सुमनच म्हटलं आणि त्यानं ती चेन एकदाही काढली नाही. असे फॅन होते.

पण एक विचारू का, मायकल जॅक्सन एकही नाही?? काका असं कसं केलंत! मी १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये होतो, त्याचा भारतातला तो एकच कार्यक्रम, आम्ही सहा जण ठाण्याहून दुपारीच जाऊन उभे, पाय गेले, पाणी संपलं, आणि तो आल्यावर पुढचा एक माणूस, चांगला पन्नाशीचा, सफारी घातलेला, ढसाढसा रडायला लागला. त्याला बाजूच्या पोरांनी खांद्यावर उचलून घेतलं म्हणजे त्याला नीट दिसेल. मला स्टेजवरचं जेवढं आठवतं तेवढाच तो सफारीवाला आठवतो.

---

वाईचा_घाट

बिस्मिल्ला बद्दल कुणी बोललं नाही अजून म्हणून लिहितोय. क्वीनचं बोहेमियन ऱ्हॅप्सडी, १९७५, पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. मधल्या ऑपेरासारख्या भागात तो शब्द येतो आणि आपल्याकडं पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक माणूस तिथंच दचकून बघतो की हे काय म्हणाले.

आणि हे गाणं लिहिणारा आमच्या घाटाच्या वरचा हो. फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बुलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा १९४६चा, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथंच पियानो शिकला, तिथंच पोरांनी मिळून हेक्टिक्स नावाचा बँड काढला, तिथंच त्याला फ्रेडी म्हणायला लागले. आमच्याकडं पाहुणे आले की मॅप्रो, टेबललँड, मेणवलीचा घाट एवढं दाखवतात. मी शाळेच्या रस्त्यावर गाडी थांबवतो आणि आख्खं गाणं लावतो, पोरं कंटाळली तरी सहा मिनिटं कुणाला उतरू देत नाही. एकदा एक आजी होत्या गाडीत, गाणं संपल्यावर म्हणाल्या, पोरगं आईला हाका मारतंय ना रे. इंग्रजीचा एक शब्द न येता त्यांना बरोबर कळलं.

---

रातराणी_मिरज

बापरे किती भारी आहात तुम्ही सगळे! टेपवाला दादा, आपटल्यावर खरंच सुटली, आता फिरतेय. फेल्ट मात्र गायब आहे. स्क्रू आहेत, पाच. बुरशी नाही.

लोकलची खिडकी दादा, मायकलचं आईला विचारलं, ती म्हणाली की तो माझ्या आत्याच्या वाटणीला होता, घरात वाटण्या झालेल्या, आत्याच्या कपाटावर मायकल आणि काकाच्या कपाटावर लांब केसवाले, आणि एकानं दुसऱ्याचं लावायचं नाही.

राहिलेली: घंटा, शेजारीण, हरि ओम ओरिजिनल, लाह्या. लंबाडा म्हणजे लंबाडाच ना?

---

करवंद_चिपळूण

लंबाडा म्हणजे लंबाडाच, काओमा, १९८९. सनी देओलच्या घायलमध्ये तीच चाल आली. पण मूळ चाल काओमाची पण नव्हे, बोलिव्हियातल्या लोस क्यार्कासची, त्यांनी दावा लावून आपला हक्क मिळवला. मला या गोष्टीचा फार आनंद होतो.

हरि ओम ओरिजिनल तर सोप्पं! प्यारा दुश्मन, १९८०, उषा उथुपचं हरि ओम हरि. त्याचं ओरिजिनल म्हणजे इरप्शनचं वन वे तिकीट. म्हणजे काकांनी आधी हिंदी ऐकलं, मग इंग्रजी शोधून काढलं, आणि त्या काळात काही टाईप करून शोधता येत नव्हतं, दुकानात जाऊन गुणगुणून दाखवावं लागायचं. गिऱ्हाईक गातंय, दुकानदार डोळे मिटून ऐकतोय, मागं रांग उभीये. माझे वडील असेच मिल गया हम को साथीचं ओरिजिनल शोधत तीन दुकानं फिरले होते, शेवटी अ‍ॅबाचं मामा मिया मिळालं तर पेढे घेऊन घरी आले.

शेजारीण म्हणजे स्मोकीचं लिव्हिंग नेक्स्ट डोअर टू अ‍ॅलिस, १९७६. शेजारच्या मुलीला चोवीस वर्षांत काही बोलला नाही आणि एक दिवस ती गाडीत बसून निघून गेली. यावर आमच्या वाडीत दोन तट होते, एक म्हणायचा बिचारा, दुसरा म्हणायचा चोवीस वर्षं काय झोपला होतास का.

घंटा – एसी/डीसी, हेल्स बेल्स, १९८०. गाण्यात सुरुवातीला खरी घंटा वाजते, इंग्लंडात लाफबरोच्या ओतशाळेत त्यांनी टनभर वजनाची खास ओतून घेतली. आधी तिथल्या मनोऱ्यातली मोठी घंटा रेकॉर्ड करायला गेले तर प्रत्येक टोल्याला आतले पक्षी फडफडून उडायचे, तो आवाज यायचा, म्हणून सोडून दिलं. आई देवळात गेल्यावरच लावायचं हे काकांनी फार विचार करून लिहिलंय. घरात अशी घंटा ऐकली तर कुठलीही आई आरतीला उठेल आणि पुढचं ऐकून देव्हाऱ्यापाशी बसेल.

लाह्या नाही कळलं.

---

टेपवाला६०

ताई, एक सांगा, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना चौकोनी भोकं असतात, त्यावर सेलोटेप लावलाय का? आणि वर चिकटवलेल्या कागदाच्या खाली काही छापलेलं दिसतंय का?

लाह्यांवर काल रात्रभर विचार करतोय. पॉपकॉर्न असणार. हॉट बटरचं, १९७२. नुसतं वाजवलेलं आहे, शब्द नाहीत, मूग नावाचा सिंथेसायझर होता त्यावर, टप टप टप टप. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात तसंच. मूळ रचना गेर्शन किंग्स्लेची, १९६९ची. काकांनी शब्दशः भाषांतर केलंय.

---

रातराणी_मिरज

हो, दोन्ही भोकांवर सेलोटेप आहे! पिवळा पडलाय. कागदाखाली निळसर काहीतरी छापलंय, नखानं खरवडलं नाही. का?

---

टेपवाला६०

ती भोकं म्हणजे मुळात विकतची भरलेली कॅसेट, पुसली जाऊ नये म्हणून कंपनी तिथली खुंटी काढायची. भोक बुजवलं की परत भरता येते. म्हणजे काकांनी घरातलीच कुणाचीतरी कॅसेट उचलली आणि दुकानात दिली, कोरी घ्यायला पैसे नसतील. ब बाजूची बेरीज पण केली, चोवीस मिनिटांच्या वर जात नाही. शेवटची पाच-सहा मिनिटं जुनं जे होतं ते तसंच असेल. लाह्यांनंतर मशीन बंद करू नका.

बदलायचं खोकं मी कुरिअर करतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. टेपरेकॉर्डर मिळाला की आधी हेड इअरबडला स्पिरिट लावून पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवा, मगच वाजवा. हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड. आवाज कमी ठेवा, नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

---

रातराणी_मिरज

अपडेट! खोकं मिळालं दादा, बदललं, शेजारच्या काकूंकडं टू-इन-वन निघाला. काल रात्री काका-काकू लग्नाला गेलेत हे बघून आम्ही सगळे आजीच्या खोलीत दार लावून बसलो.

सगळी गाणी बरोबर निघाली. एकूण एक. हॉटेल खरंच गिटारमध्येच खट्कन तुटतं. आणि लाह्या म्हणजे पॉपकॉर्नच, आत्या उठून नाचली, म्हणाली हे माझं होतं, त्यानं वाटणी मोडून चोरलं.

लाह्या संपल्यावर थोडी खरखर झाली आणि एकदम मध्येच टाळ-मृदंग सुरू झाला, हरिपाठ. आजी पलंगावर सरळ उठून बसली. तिची एक हरिपाठाची कॅसेट होती, पंढरपूरहून आणलेली, ती हरवली म्हणून तिनं तेव्हा सगळं घर उलटंपालटं केलं होतं, कामवाल्या मावशींना विचारलं होतं, काकानं पण तिच्यासोबत दोन दिवस शोधली होती!!

आजी आता नव्वदीची आहे. सहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं तिनं, सोबत म्हटलं, आणि मग म्हणाली, त्याला साठीच्या दिवशी आधी हे लावून दाखवा, मग तो बुवा.