प्रतिसाद: मॅचला ओरडणारी पोरं उपासनेला गप्प का?

वर एकाने लिहिलंय की पोरांना क्रिकेट हवं, चर्च नको, म्हणजे भक्तीच संपली. मला नाही पटत. नाशिकला गोल्फ क्लब ग्राउंडवर रणजी मॅच असली की मी जातो, एकदा बाजूला एक आजोबा वही घेऊन स्कोअर लिहीत बसलेले, शेजारचं कॉलेजातलं पोरगं पहिल्यांदाच आलेलं तर त्याला सरकून जागा दिली, डब्यातला चिवडा दिला आणि फॉलोऑन म्हणजे काय ते बोटांवर मोजून समजावलं, दुपारपर्यंत ते पोरगं आजोबांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत होतं. आणि आमच्या चर्चमध्ये? मागच्या महिन्यात एक नवीन कुटुंब आलं, शेवटच्या बाकावर बसलं, उपासनेतल्या गीतांचं पुस्तक कुणी पुढे केलं नाही, मीसुद्धा नाही. ते परत आले नाहीत. हे मला अजून टोचतंय.

आयपीएलमधल्या बंगळुरूच्या टीमचे चाहते, आरसीबीवाल्यांचं बघा ना, २००८ पासून २०२४ पर्यंत एकदाही कप नाही तरी दरवर्षी तीच जर्सी, हरल्यावर टीमला शिव्या घालतील पण टीम सोडणार नाहीत. आपल्याकडे पाळकांचं एक प्रवचन आवडलं नाही की माणूस दोन महिने फिरकत नाही.

नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेला फेब्रुवारीत कुठून कुठून लोक येतात, इतर धर्मांचेही, तिथे कुणी कुणाला परकं मानत नाही. तेवढं रविवारी सकाळी जमायला काय हरकत आहे? या रविवारी मी शेवटच्या बाकावरच बसणारे, पुस्तकं घेऊन.